रोप लावताना खत: किती यापेक्षा कुठे

प्रो-ट्रेमधून, म्हणजे रोपवाटिकेच्या खणाखणांच्या ट्रेमधून, काढलेलं टोमॅटोचं रोप हातात घेऊन बघा. वर चार-पाच पानं, वीतभर उंची आणि खाली कोकोपीटमध्ये गच्च विणलेल्या पांढऱ्या मुळांचा गड्डा, तोही जेमतेम चार सेंटीमीटरचा. हे रोप तुम्ही बारा इंची कुंडीत किंवा परसातल्या वाफ्यात लावता. कुंडीत वीस लिटर माती असते, पण रोपाच्या वाट्याला सध्या त्यातली मूठभरच येते. पुढचे दहा-पंधरा दिवस, नवी मुळं बाहेर पडेपर्यंत, त्याचं सगळं त्या मुठीवरच चालायचं असतं. लावणीच्या वेळी थोडंसं खत मुळांजवळ द्यायचं, ज्याला स्टार्टर खत म्हणतात, ते या दहा-पंधरा दिवसांसाठी.

शेतकरी ज्याला बेसल डोस म्हणतात तो वेगळा. त्यात हंगामभराचं पालाश (पोटॅशियम), स्फुरद (फॉस्फरस) आणि नत्राचा (नायट्रोजनचा) पहिला हप्ता जमिनीत जातो. स्टार्टर म्हणजे त्याच्या मानाने चिमूटभर. ही चिमूट कुठे पडते यावर सगळं अवलंबून असतं, आणि बागकामाच्या गप्पांमध्ये नेमकं तेच कुणी विचारत नाही. विचारतात ते, ‘किती चमचे टाकू?’

कुठे टाकायचं हा प्रश्न निघतो तो स्फुरदामुळे. खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश. डीएपी १८:४६:००, सुफला १५:१५:१५, विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, खतांत १९:१९:१९ किंवा १२:६१:००. यातला मधला आकडा स्फुरदाचा. (तो शुद्ध फॉस्फरसचा नसून त्याच्या ऑक्साइडच्या हिशेबाने लिहिलेला असतो, खरा फॉस्फरस त्याच्या ४४ टक्के. खतांच्या तुलनेत याने काही बिघडत नाही, कारण सगळ्याच पिशव्यांवर तशीच रीत आहे.)

नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर मातीत फिरतं. तुम्ही ते कुंडीच्या कडेला टाकलं तरी दोन-तीन वेळा पाणी घातलं की मुळापर्यंत पोचतं आणि पाणी जास्त झालं तर बुडाच्या भोकातून निघूनही जातं. स्फुरद मात्र मातीच्या कणांना चिकटून बसतं. त्याची हालचाल पूर्ण हंगामात काही मिलिमीटरची. म्हणजे मुळाला ते हवं असेल तर मुळालाच त्याच्याकडे जावं लागतं. स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांची चळत आहे आणि पोर ओसरीवर पाळण्यात, अशी नव्या रोपाची गत असते. जून झालेल्या झाडाची मुळं कुंडीभर पसरलेली असतात, त्याला ही अडचण येत नाही.

जमीन आपापल्या परीने यात भर घालते. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भातल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) साडेसातच्या पुढे असतो आणि तिथे स्फुरद कॅल्शियमशी जोडलं जाऊन जवळजवळ न विरघळणारं होतं. कोकणातल्या, गोव्यातल्या तांबड्या जांभ्या मातीत सामू खाली असतो. तिथे लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. सामू सहा ते सातच्या मध्ये असेल तर स्फुरद सगळ्यात सुटं असतं. एरवी पसरून टाकलेलं स्फुरद मातीशी जास्त ठिकाणी भिडतं आणि जास्त अडकतं. एका जागी, मुळाच्या वाटेवर ठेवलेलं कमी अडकतं. सुपर फॉस्फेट आधी शेणखतात कालवून मग द्यावं, या जुन्या सल्ल्यामागेही हेच आहे: मातीशी थेट गाठ कमी पडते.

हे आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. रब्बी ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात दोन चाड्यांची पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, वापरतात. एका चाड्यातून बी सोडायचं, दुसऱ्यातून खत. खत बियाण्याच्या शेजारी आणि जरा खोल, ओलीत पडतं. बी उगवलं की मूळ खाली जाताना त्याला खत भेटतं. परसबागेत पाभर नसते, पण त्यामागची गोष्ट तीच राहते: बाजूला तीन बोटं, खाली तीन बोटं.

मग सगळ्यांनीच द्यायचं का?

नाही. माझ्या मते शहरातल्या बहुतेक कुंड्यांना स्टार्टरची गरजच नसते, आणि हे हिशेब मांडूनच दाखवता येतं.

बारा इंची कुंडीत वीस लिटर मिश्रण धरू. त्यात पाव भाग गांडूळखत, म्हणजे पाच लिटर, वजनाने साडेतीन किलोच्या आसपास. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळखतात स्फुरद किमान ०.८ टक्के हवं. साडेतीन किलोत झालं २८ ग्रॅम. आता डीएपीचा एक चहाचा चमचा, साधारण पाच ग्रॅम: त्यात स्फुरद २.३ ग्रॅम. कुंडीत आधीच त्याच्या बारापट आहे. टोमॅटोचं एक झाड पूर्ण हंगामात मोजकेच ग्रॅम स्फुरद उचलतं. गांडूळखतातलं सगळंच लगेच मोकळं होत नाही हे खरं, पण ते मुळांभोवती सर्वत्र मिसळलेलं आहे. मुळाला चालत कुठे जायचंच नाही. अशा कुंडीत वरून डीएपी टाकणं म्हणजे निव्वळ सवय.

दरवर्षी तीच माती, दरवर्षी नवं कंपोस्ट आणि वर लावणीचं खत असं चालू राहिलं तर स्फुरद साठत जातं, कारण ते वाहून जात नाही. स्फुरद फार झालं की झाडाला लोह आणि जस्त घेणं जड जातं. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसायला लागतं. काळ्या मातीत लोहाची तक्रार मुळातच असते. बिचारा बागवाला ‘पानं पिवळी पडली’ म्हणून आणखी खत टाकतो.

दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक भाज्यांच्या मुळांशी मायकोरायझा नावाच्या बुरशीची भागीदारी असते. झाड तिला साखर देतं, ती आपले बारीक धागे मुळांच्या पोचेपलीकडे पसरवून स्फुरद आणून देते. मातीत स्फुरद भरपूर असलं की झाड ही भागीदारी आटोपती घेतं. पुढे पाण्याचा ताण पडला की ती नसल्याचं जाणवतं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी आणि पालक, बीट या कुळांत ही भागीदारी जवळपास नसतेच. त्यामुळे लावणीच्या खताचा गुण कोबी-फ्लॉवरवर जास्त दिसतो.

एक समज इथेच काढून टाकू. ‘स्फुरदाने मुळं वाढतात’ हे वाक्य खताच्या दुकानापासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. स्फुरद कमी असलेल्या मातीत ते दिलं तर अख्खं झाड वाढतं, त्यात मुळंही आली. पण स्फुरद मुबलक असलेल्या मातीत आणखी टाकलं म्हणून मुळं फोफावत नाहीत. उलट स्फुरदाची चणचण असलेलं झाड आपल्या कमाईतला मोठा वाटा मुळांवर खर्च करतं, कारण त्याला शोधायला जायचं असतं.

गरज कुठे असते

थंडीत. माती गार असली की स्फुरदाची आधीच मंद असलेली हालचाल आणखी मंदावते, मुळांची वाढ रेंगाळते आणि सेंद्रिय पदार्थातून स्फुरद मोकळं करणारे जिवाणूही सुस्तावतात. तिन्ही गोष्टी एकदम. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या आसपास पारा पाचाखाली उतरतो तेव्हा लावलेल्या टोमॅटोची पानं उलटून बघा: खालच्या बाजूला, शिरांवर जांभळट झाक असते. स्फुरद मिळत नसल्याची ही खूण. पण थंडीनेही नुसती तशी झाक येते आणि ऊब वाढली की जाते, म्हणून जांभळं पान दिसलं की लगेच डबा उघडू नये. वाढ खुंटली आहे का, नवी पानं बारीक आणि गडद येताहेत का, हे आधी पाहावं.

स्टार्टर खताचा सल्ला मुळात थंड मुलखातला आहे. शिकागोत किंवा टोरांटोत राहणारी मराठी माणसं मे महिन्यात वांगी-टोमॅटो लावतात तेव्हा जमीन नुकती बर्फातून उठलेली, गार असते. तिथे मधला आकडा मोठा असलेली खतं लावणीसाठी म्हणून वेगळी विकतात आणि तिथे त्यांना अर्थ आहे. तोच सल्ला जूनमध्ये नागपुरात पाळायचा, जिथे माती हाताला कोमट लागते, याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी गरज नव्या जागेत. बांधकाम संपल्यावर बंगल्याभोवती जो भराव उरतो, मुरूम, खडी, वर दोन घमेली लाल माती, त्यात सेंद्रिय अंश नावालाही नसतो. कोकणात घराशेजारी जांभा फोडून केलेला वाफाही तसाच. अशा मातीत पहिली एक-दोन वर्षं लावणीच्या खताने डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. तिसरी गरज नुसत्या कोकोपीटमध्ये वाढणाऱ्या रोपांना. कोकोपीट पाणी छान धरतं, पण त्यात थोडं पालाश सोडलं तर खाण्यासारखं काही नसतं.

पिकांत कांदा पहिला. त्याची मुळं थोडी, जाड, फांद्या न फुटणारी, त्यांवर केसमुळं विरळ. स्फुरद शोधण्यात कांद्याइतकं अडाणी मूळ दुसऱ्या भाजीचं क्वचितच असेल. त्याच्या उलट भेंडी, गवार, घेवडा, दुधी. ही बियाणं मोठी असतात आणि बी स्वतःची शिदोरी बरोबर आणतं. त्यात स्फुरदाचा साठा असतो, तो पहिला आठवडा-दोन आठवडे पुरतो. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया मावतात, म्हणजे त्यांची शिदोरी किती ते कळलंच. घेवडा-गवारीला लावणीच्या वेळी नत्र तर देऊच नये. मुळांवर गाठी यायला उशीर होतो.

मेथी-कोथिंबिरीला काही नको. महिन्या-दीड महिन्यात उपटायची ती.

द्यायचं कसं

कुंडीत आणि लहान वाफ्यात सगळ्यात बिनधोक पद्धत म्हणजे आळवणी. १२:६१:०० हे विद्राव्य खत कृषी सेवा केंद्रात किलोच्या पिशवीत मिळतं. लिटरला दोन ग्रॅम. चहाचा सपाट चमचा पाच ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा एका चमच्याला अडीच लिटर पाणी. रोप लावलं की आधी साधं पाणी द्यायचं, माती बसू द्यायची, मग संध्याकाळी या द्रावणाचं एक छोटं भांडं, १००-१५० मिली, बुंध्याभोवती मुळाच्या गड्ड्यावर ओतायचं. बस. १५० मिलीत ०.१८ ग्रॅम स्फुरद जातं. आकडा हास्यास्पद वाटेल, पण ते नेमकं त्या चार सेंटीमीटरच्या गड्ड्यात गेलेलं असतं. १९:१९:१९ घरात असेल तर तेही चालेल, त्याच प्रमाणात. कॅल्शियम नायट्रेट मात्र त्याच पाण्यात मिसळू नका. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन पांढरा गाळ तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात.

दाणेदार खत द्यायचं असेल तर खड्डा रोपाला लागतो त्याहून चार बोटं जास्त खोल घ्या. तळाला, मधोमध नव्हे तर जरा एका कडेला, सुपर फॉस्फेटचा एक चमचा किंवा डीएपीचे दहा-पंधरा दाणे टाका. वर तीन बोटं माती. मग रोप. दाण्याला मूळ थेट टेकता कामा नये.

यात डीएपी जास्त खोडकर. ते विरघळताना आजूबाजूची माती काही काळ अल्कधर्मी होते आणि थोडा अमोनिया सुटतो, कोवळ्या मुळांना तो बाधतो. शिवाय कोणतंही रासायनिक खत म्हणजे क्षार. दाण्याभोवतीचं पाणी मुळाच्या आतल्या पाण्यापेक्षा जास्त खारट झालं की मूळ पाणी घेण्याऐवजी गमावू लागतं. लक्षण फसवं असतं: माती ओली, तरी रोप दुपारी माना टाकतं, दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा करपतात. रोप हलकेच उपटून पाहिलं तर मुळांची पांढरी टोकं तपकिरी झालेली दिसतात. मर रोग समजून लोक बुरशीनाशक ओततात. वेळीच ओळखलं तर कुंडीत भरपूर साधं पाणी घालून बुडातून दोन-तीनदा निथळू देणं एवढाच उपाय. वाफ्यात दाणे दिसत असतील तर उकरून काढावेत.

त्याच बरोबर डीएपी आणि १२:६१:०० मधल्या थोड्या अमोनियम नत्राचा फायदाही आहे. मूळ अमोनियम घेतं तेव्हा स्वतःभोवतीची माती किंचित आम्ल करतं आणि चुनखडीच्या काळ्या मातीत तेवढ्याने शेजारचं स्फुरद सुटं होतं. म्हणून अशा जमिनीत नत्र-स्फुरद एका जागी देणं नुसत्या स्फुरदापेक्षा बरं. युरियाचं मात्र लावणीच्या खड्ड्यात काही काम नाही.

सेंद्रियवाल्यांसाठी

हाडांचं खत रोपवाटिकेत हमखास गळ्यात मारलं जातं. कोकणच्या आम्ल मातीत ते हळूहळू विरघळतं आणि उपयोगी पडतं. पुण्या-सोलापूरच्या काळ्या मातीत सामू सातच्या वर, तिथे ते तसंच पडून राहतं. उपयोग होतो तो वास घेत येणाऱ्या कुत्र्यांना. हे कोडं जुनं आहे. इंग्लंडमध्येही हाडांचा चुरा काही शेतांना लागू पडायचा, काहींना मुळीच नाही. जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने हाडं आणि फॉस्फेटचा दगड गंधकाम्लात आधीच विरघळवून टाकायची युक्ती काढली आणि १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तेच सुपर फॉस्फेट. भारतात त्याचा पहिला कारखाना १९०६ मध्ये तमिळनाडूतल्या राणीपेटला निघाला. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर गंधकही असतं, ते कांदा-लसणाला मानवतं.

जीवामृत लावणीच्या वेळी देतात. द्या, पण स्फुरदाचा हिशेब त्यात धरू नका. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन: लिटरमागे स्फुरद ग्रॅमचा फार तर एक-दोन दशांश. ते देणाऱ्यांचा दावाही खताचा नसतो, जिवाणूंचा असतो. तसंच पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची कृषी विद्यापीठं जिवाणू खतं तयार करतात. मातीत अडकलेलं स्फुरद असेल आणि जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ असेल तर ते काम करतात. रित्या मुरमात त्यांनी काय सोडवायचं?

शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, हे सांगून सांगून लोक दमले. हातात घेतल्यावर मातीसारखा वास यावा, शेणाचा नव्हे. अर्धवट कुजलेलं खड्ड्यात घातलं तर ते तिथे कुजताना तापतं, रोपाच्या वाट्याचं नत्र जिवाणू पळवतात आणि त्यातून पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या जाड अळ्या कुंडीत येतात त्या वेगळ्याच. राख टाकायची असेल तर कोकणात टाका. काळ्या मातीचा सामू ती आणखी वर नेते. निंबोळी पेंडेत मुख्यतः नत्र असतं, तेही सावकाश मिळणारं. ती चांगली वस्तू आहे, पण तिला स्टार्टर म्हणू नये.

वाफा मोठा असेल, गुंठाभर, तर अंदाजपंचे करण्यापेक्षा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या. उपलब्ध स्फुरद ‘जास्त’ आलं तर लावणीचं खत त्या वर्षी विसरा. कमी आलं तरी आधी कंपोस्ट वाढवा, मग आळवणी.

आळवणीनंतर आठवडा-दहा दिवसांत शेंड्याला ताजी, फिकट हिरवी पानं फुटली आणि कुंडीच्या कडेजवळची माती बोटाने उकरल्यावर पांढरी मुळं दिसली की हे प्रकरण संपलं. थंडी जास्त असेल तर एकदा पुन्हा द्या, एरवी गरज नाही. इथून पुढे लागतं ते नत्र, आणि ते एकदम न देता हप्त्याहप्त्याने, कारण ते वाहून जातं; कोकणातल्या पावसात तर आज दिलेलं उद्या गटारात. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी पहिला हप्ता, कुंडीच्या कडेने, वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना.